युद्धकाळातील कायदेशीर दावा कसा तपासावा

युद्ध पेटले की पहिल्या काही तासांतच तोफांबरोबर कायद्याची कलमेही बाहेर पडू लागतात. एक बाजू स्वसंरक्षणाचा हक्क सांगते, दुसरी आक्रमणाचा आरोप करते आणि पाठोपाठ महासत्ता आपापल्या मित्रराष्ट्राची तळी उचलणारी निवेदने काढतात. ती वाचून सामान्य वाचकाची बहुधा दोहोंपैकी एक समजूत होते. आंतरराष्ट्रीय कायदा आपल्या पसंतीच्या पक्षाच्याच बाजूने आहे असे त्याला वाटते, नाहीतर असा काही कायदाच नसून 'बळी तो कान पिळी' एवढेच खरे, असे तो ठरवून टाकतो. दोन्ही समजुती सोयीच्या आहेत, कारण दोन्हींत मूळ मजकूर वाचण्याचे कष्ट वाचतात. पुढे सांगितलेली पद्धत त्या कष्टांची आहे. तिला कायद्याची पदवी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांची सनद, संबंधित ठरावाचा पूर्ण मजकूर आणि मतदानाची नोंद एवढे समोर असले की पुरते. हे कागद संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

सर्वप्रथम दोन प्रश्न वेगळे करावेत. युद्ध सुरू करणे कायदेशीर होते का, हा एक. आणि सुरू झालेले युद्ध कायद्याच्या मर्यादेत लढले जात आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर १९४५च्या सनदेत शोधायचे, दुसऱ्याचे १९४९चे चार जिनिव्हा करार, १९७७चे त्यांचे पूरक करार आणि त्याआधीचे हेग नियम यांत. ही दोन्ही उत्तरे एकमेकांवर अवलंबून नसतात. ज्याच्यावर अन्यायाने हल्ला झाला त्यालाही शत्रूच्या कैद्यांचा छळ करण्याची मुभा नाही, आणि ज्याने अन्यायाने हल्ला केला त्याच्या जखमी सैनिकालाही उपचारांचा हक्क आहे. प्रचारकी निवेदनांत हे दोन प्रश्न नेमके एकत्र कालवलेले असतात. 'आमच्यावर आधी हल्ला झाला' हे वाक्य एखाद्या शहरावरच्या बॉम्बफेकीचे समर्थन म्हणून पुढे आले, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला दिले जात आहे हे ओळखावे आणि दुसरा प्रश्न पुन्हा विचारावा.

बळाचा वापर : कोणत्या आधारावर?

सनदेचे कलम २(४) कोणत्याही राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करण्यास, इतकेच नव्हे तर तशी धमकी देण्यासही, मनाई करते. सनदेत या मनाईला प्रमुख अपवाद दोनच आहेत : सुरक्षा परिषदेची परवानगी आणि कलम ५१खालील स्वसंरक्षण. ज्या देशाच्या भूमीवर कारवाई होते त्या देशाच्या सरकारनेच खरीखुरी संमती दिली असेल, तर मनाईचा भंग होत नाही, हेही मान्य आहे. म्हणून कोणत्याही महासत्तेचे निवेदन हाती आले की यांपैकी कोणता आधार ती सांगते आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. पुष्कळदा असे वाक्य लिहिताच येत नाही. 'प्रादेशिक स्थैर्य', 'आमचे महत्त्वाचे हितसंबंध', 'ऐतिहासिक भूमी', 'लोकशाहीचे रक्षण' अशी कारणे निवेदनात भरपूर असतात आणि त्यांतले एकही सनदेत अपवाद म्हणून नमूद नाही. १९९९मध्ये नाटोने युगोस्लाव्हियावर केलेली बॉम्बफेक परिषदेच्या परवानगीविना झाली आणि तिचे समर्थन मुख्यतः मानवतावादी कारणांवर केले गेले. ती कारणे नैतिकदृष्ट्या कितीही वजनदार मानली, तरी सनदेच्या मजकुरात त्यांना जागा नव्हती, ही नोंद तशीच ठेवावी.

स्वसंरक्षणाचा दावा सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो, म्हणून त्यावर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. तिथे क्रमाने विचारायचे प्रश्न असे : सशस्त्र हल्ला झाला होता का? तो कोणी, कोणावर केला? हल्ला झालेला देश स्वतः मदत मागत होता का? उत्तरादाखल केलेली कारवाई आवश्यक आणि प्रमाणात होती का? आणि कलम ५१च्या अटीप्रमाणे ती ताबडतोब सुरक्षा परिषदेला कळवली का?

हे प्रश्न प्रत्यक्षात कसे चालतात ते एका उदाहरणात जवळून पाहू. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी युक्रेनवरील कारवाईची घोषणा करताना कलम ५१चा नावानिशी उल्लेख केला आणि दोनेत्स्क व लुहान्स्क येथील 'प्रजासत्ताकां'शी झालेल्या मैत्री करारांचा आधार सांगितला. म्हणजे दावा सामूहिक स्वसंरक्षणाचा, हल्ला झालेल्या दुसऱ्या राष्ट्राच्या मदतीला धावून जाण्याचा, होता. आता तारखा पाहा. या दोन प्रदेशांना रशियाने स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता दिली ती २१ फेब्रुवारीला, करारांना संसदेची मंजुरी मिळाली ती २२ला आणि सैन्य घुसले ते २४ला. संयुक्त राष्ट्रांच्या दृष्टीने हे प्रदेश युक्रेनचेच भाग होते. सामूहिक स्वसंरक्षणासाठी आधी हल्ला झालेले एक राष्ट्र लागते. इथे ते राष्ट्र कारवाई करणाऱ्यानेच तीन दिवस आधी घोषित केले होते. परिषदेला कळवण्याची औपचारिकता पाळली गेली होती, पण पहिल्या दोन प्रश्नांवरच दावा कोसळतो. कोणाचीही बाजू न घेता, केवळ कॅलेंडर आणि सनद शेजारी ठेवून एवढे समजते.

हीच कसोटी अमेरिकेला लावली गेली तेव्हा काय झाले तेही वाचण्यासारखे आहे. निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरणे आणि तेथील सरकारविरोधी 'कॉन्ट्रा' बंडखोरांना शस्त्रे व प्रशिक्षण देणे, याचे समर्थन अमेरिकेने एल साल्वादोरचे सामूहिक स्वसंरक्षण म्हणून केले होते. २७ जून १९८६च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो दावा फेटाळला. एल साल्वादोरमधील बंडखोरांना निकाराग्वाने शस्त्रे पुरवली असली, तरी तो सशस्त्र हल्ला नव्हे, एल साल्वादोरने मदतीची विनंती वेळेवर केलेली दिसत नाही आणि अमेरिकेने परिषदेलाही कळवले नव्हते, अशी ती कारणे होती. दोन महासत्ता, दोन खंड, मध्ये छत्तीस वर्षे. प्रश्न मात्र तेच.

हल्ला होण्याआधीच केलेल्या 'प्रतिबंधक' कारवाईबद्दल अधिक सावध राहावे. १८३७मध्ये ब्रिटिश तुकडीने नायगारा नदीवर 'कॅरोलाइन' ही अमेरिकन बोट नष्ट केली. त्या वादात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी १८४१मध्ये जी कसोटी मांडली, ती आजही उद्धृत होते. धोका इतका तातडीचा आणि जबरदस्त हवा, की दुसरा उपाय निवडण्यास किंवा विचार करण्यासही क्षण उरू नये. कधीतरी पुढे शत्रू बलवान होईल, ही भीती त्या कसोटीत बसत नाही. १९८१मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली, तेव्हा सुरक्षा परिषदेने ठराव ४८७द्वारे एकमताने निषेध केला आणि त्या एकमतात अमेरिकाही होती. त्यामुळे आज कोणी अशा हल्ल्याला 'नेहमीचा मान्य हक्क' म्हटले, तर हा ठराव त्याच्यासमोर ठेवता येतो.

ठराव वाचण्याची रीत

परिषदेचा ठराव बातमीतून वाचू नये, मूळ मजकुरातून वाचावा. त्याचे दोन भाग असतात. वरचे परिच्छेद पार्श्वभूमी सांगतात. खालचे क्रमांकित परिच्छेद परिषद काय करते ते सांगतात, आणि वजन या दुसऱ्या भागाला असते. तिथे क्रियापद पाहावे. परिषद 'आवाहन' करते आहे, 'मागणी' करते आहे की 'निर्णय' घेते आहे? शांतता भंगली असता बंधनकारक उपाय योजण्याचा अधिकार देणाऱ्या, सनदेच्या सातव्या प्रकरणाचा उल्लेख आहे का? आणि बळाच्या वापराला परवानगी असेल, तर 'सर्व आवश्यक उपाय' हे ठरलेले शब्द आले आहेत का?

इराकचे प्रकरण याच शब्दांभोवती फिरते. कुवेत मुक्त करण्यासाठी २९ नोव्हेंबर १९९० रोजी मंजूर झालेल्या ठराव ६७८मध्ये 'सर्व आवश्यक उपाय' हे शब्द स्पष्ट होते. ८ नोव्हेंबर २००२चा ठराव १४४१ पंधरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, पण त्यात इराकला निःशस्त्रीकरणाच्या अटी पाळण्याची 'अखेरची संधी' दिली होती आणि न पाळल्यास 'गंभीर परिणामां'चा इशारा होता. बळाची परवानगी देणारे ठरलेले शब्द नव्हते. मतदानाच्या दिवशी अमेरिकेच्या प्रतिनिधीने परिषदेत सांगितले की या ठरावात युद्ध आपोआप सुरू करणारी कोणतीही छुपी कळ नाही. मार्च २००३मध्ये मात्र अमेरिका व ब्रिटन यांनी १४४१मधील उल्लंघनामुळे बारा वर्षांपूर्वीची ६७८ची परवानगी पुन्हा जिवंत झाली, असा युक्तिवाद केला. २००४मध्ये सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ते युद्ध सनदेच्या दृष्टीने बेकायदेशीर होते असे सांगितले. माझ्या मते या प्रकरणातून घेण्यासारखी सवय ही, की ठराव मंजूर होताना त्या देशाने काय सांगितले होते, ते टिपून ठेवावे. बैठकीचा शब्दशः वृत्तान्त प्रसिद्ध होतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अर्थ बदलला की तोच कागद सर्वांत बोलका ठरतो.

उलट प्रकारही घडतो. १७ मार्च २०११चा ठराव १९७३ लिबियातील नागरिकांच्या संरक्षणासाठी परवानगी देत होता. रशिया, चीन, भारत, जर्मनी आणि ब्राझील अलिप्त राहिले आणि तो दहा मतांनी मंजूर झाला. त्या परवानगीखाली सुरू झालेली कारवाई गद्दाफींची राजवट कोसळेपर्यंत चालली. परवानगीची व्याप्ती ओलांडली गेली, ही तक्रार रशिया व चीन यांनी त्यानंतर सीरियाच्या चर्चांत वारंवार पुढे केली. तिच्या आडून त्यांनी सीरियावरील जे ठराव अडवले त्यांची किंमत सीरियातील नागरिकांनी मोजली, हे विसरू नये. पण तक्रारीत तथ्य होते, हेही नोंदवावे.

नकाराधिकारानंतर

पंधरापैकी नऊ मते आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कोणाचाही नकार नसणे, एवढे झाले की ठराव मंजूर होतो. स्थायी सदस्य अलिप्त राहिला तर ठराव अडत नाही. कार्यपद्धतीच्या प्रश्नावर नकाराधिकार चालत नाही. आणि कलम २७(३)नुसार वादातील पक्षाने मतदान करू नये, असे असले तरी ते बंधन शांततामय तोडग्याविषयीच्या सहाव्या प्रकरणापुरते आहे. म्हणूनच २५ फेब्रुवारी २०२२ रोजी स्वतःच्या आक्रमणावरील मसुदा रशियाने स्वतःच्या मताने अडवला, आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपदही रशियाकडेच होते. अकरा मते बाजूने, एक विरोधात, चीन, भारत आणि संयुक्त अरब अमिराती अलिप्त. सनदेतील ही रचना अन्यायकारक आहे, असे मी ठामपणे मानतो. पण बातमी इथे संपत नाही, आणि बहुतेक वाचक इथेच थांबतात.

दोनच दिवसांनी त्याच परिषदेत त्याच अकरा-एक-तीन मतांनी सर्व सदस्य राष्ट्रांच्या आमसभेचे आणीबाणीचे विशेष अधिवेशन बोलावण्याचा ठराव २६२३ मंजूर झाला. विषय कार्यपद्धतीचा असल्याने रशियाचे विरोधी मत निष्प्रभ ठरले. ही वाट १९५०च्या 'शांततेसाठी ऐक्य' ठरावाने तयार झाली होती. १९५६मध्ये सुएझच्या वेळी ब्रिटन आणि फ्रान्सने परिषद अडवली, तेव्हा तीच वाट त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. २ मार्च २०२२ रोजी आमसभेत १४१ राष्ट्रांनी रशियाच्या आक्रमणाविरुद्ध मत दिले, पाच राष्ट्रांनी ठरावाला विरोध केला आणि पस्तीस अलिप्त राहिली. गाझाबाबतही तसेच झाले : ८ डिसेंबर २०२३ रोजी युद्धबंदीचा मसुदा परिषदेत तेरा मते मिळूनही अमेरिकेच्या नकाराधिकाराने पडला आणि १२ डिसेंबरला आमसभेने १५३ मतांनी युद्धबंदीची मागणी केली. आमसभेचे असे ठराव बंधनकारक नसतात, हे दोन्ही वेळी सारखेच लक्षात ठेवावे. एका वेळी 'जगाचा कौल' आणि दुसऱ्या वेळी 'निव्वळ शिफारस' असे म्हणणारा भाष्यकार भेटला, तर त्याचे पुढचे भाष्य सावधपणे वाचावे.

मतदानाचा आकडा पाहताना गैरहजर राष्ट्रेही मोजावीत. १४१, ५ आणि ३५ यांची बेरीज १८१ होते. सदस्य १९३ आहेत. बारा राष्ट्रांनी मतच दिले नाही. तसेच अनेक राष्ट्रे मतामागची भूमिका भाषणात मांडतात, तीही वाचावी. अलिप्त राहणे म्हणजे पाठिंबा, असे परस्पर ठरवू नये. भारत अलिप्त राहिला, पण त्याच्या निवेदनांत सनद, सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता यांचा आदर करण्याचा उल्लेख होता. त्या निवेदनावर टीका करायची असेल तर अवश्य करावी, पण ती वाचून करावी.

दोन न्यायालये

हेगमध्ये दोन वेगळी न्यायालये आहेत आणि बातम्यांत त्यांची सतत गल्लत होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयात राष्ट्र राष्ट्राविरुद्ध जाते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात व्यक्तींवर खटला चालतो. फौजदारी न्यायालय १९९८च्या रोम करारातून उभे राहिले आणि १ जुलै २००२पासून अस्तित्वात आहे. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत त्याचे सदस्य नाहीत. म्हणून पहिला प्रश्न नेहमी अधिकारक्षेत्राचा विचारावा. व्लादिमीर पुतिन यांच्यावरील १७ मार्च २०२३चे अटक वॉरंट मुलांच्या बेकायदा स्थलांतराबद्दल आहे, आक्रमणाच्या गुन्ह्याबद्दल नाही, कारण सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवायचा तर सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवावे लागते, आणि तिथे रशियाचा नकाराधिकार आहे. बेन्यामिन नेतान्याहू यांच्यावरील २१ नोव्हेंबर २०२४च्या वॉरंटच्या बाबतीत पॅलेस्टाइनचे सदस्यत्व हा अधिकारक्षेत्राचा आधार आहे. वॉरंट बजावणे सदस्य देशांच्या हाती असते. सप्टेंबर २०२४मध्ये पुतिन मंगोलिया या सदस्य देशात गेले आणि त्यांना अटक झाली नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अंतरिम आदेशाला अंतिम निकाल समजू नये. दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल प्रकरणातील २६ जानेवारी २०२४चा आदेश बंधनकारक आहे, पण वंशसंहार झाला की नाही हे त्याने ठरवलेले नाही. संरक्षण मागितलेले हक्क सकृद्दर्शनी टिकणारे आहेत आणि त्यांना तातडीचा धोका आहे, इतकेच त्यात म्हटले आहे. युक्रेन विरुद्ध रशिया प्रकरणातही १६ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश तेरा विरुद्ध दोन मतांनी दिला, आणि २ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच न्यायालयाने आक्रमणाच्या कायदेशीरपणाचा प्रश्न वंशसंहार कराराखाली आपल्या अधिकारात येत नाही असे ठरवले. पहिली बातमी साठवणाऱ्याने दुसरीही साठवावी.

युद्ध कसे लढले जाते

लढण्याच्या पद्धतीबद्दलचे दावे तपासताना एकच शब्द दोन ठिकाणी येतो आणि घोटाळा करतो, तो म्हणजे प्रमाण. स्वसंरक्षणात प्रमाण म्हणजे एकूण कारवाई हल्ल्याला थोपवण्यासाठी लागेल तेवढी. एखाद्या हल्ल्याच्या संदर्भात प्रमाण म्हणजे नागरिकांची अपेक्षित हानी ही अपेक्षित, ठोस आणि थेट लष्करी लाभाच्या तुलनेत अवाजवी नसणे. दोन्ही बाजूंच्या मृतांची संख्या समान असावी, असा याचा अर्थ नाही. आणि लष्करी लक्ष्य होते एवढे सांगून प्रश्न सुटतो, असाही नाही.

रुग्णालयावरील हल्ल्याची बातमी आली की चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम १९ काढून वाचावे. रुग्णालयाचा वापर शत्रूला हानी पोहोचवणाऱ्या कृत्यांसाठी झाला, तरच त्याचे संरक्षण संपते. तेही योग्य प्रकरणी वाजवी मुदतीसह इशारा देऊन, आणि तो दुर्लक्षित झाल्यावर. जखमी सैनिकांवर तिथे उपचार होत आहेत, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली छोटी शस्त्रे तिथे सापडली, हे त्यासाठी पुरेसे नाही, असे कलमातच लिहिले आहे. म्हणून हल्ला करणाऱ्याकडून पाहिजे ती माहिती अशी : कोणते कृत्य, केव्हा, इशारा कधी दिला, किती वेळ दिला. आतील रुग्णांचे पुढे काय झाले, हाही प्रश्न विचारावा, कारण संरक्षण संपले तरी ते लक्ष्य ठरत नाहीत.

'त्यांनीही तेच केले'

महासत्तांच्या स्पर्धेत हा युक्तिवाद सर्वांत प्रभावी ठरतो. पुतिन यांच्या २४ फेब्रुवारी २०२२च्या भाषणात बेलग्रेड (नाटोची १९९९ची बॉम्बफेक), इराक आणि लिबिया यांची नावे घेतली गेली. ती उदाहरणे खरी होती, आणि पाश्चात्त्य सरकारांना त्यांचे उत्तर देणे जड गेले. पण एकाने नियम मोडल्याने दुसऱ्याला मोडण्याचा परवाना मिळत नाही. ज्याच्यावर बॉम्ब पडतात त्या तिसऱ्याचा तर पहिल्याच्या अपराधाशी काही संबंधही नसतो. त्या आक्रमणाच्या तीन दिवस आधी परिषदेत केनियाचे प्रतिनिधी मार्टिन किमानी यांनी सांगितले होते, की आफ्रिकेच्या सीमा साम्राज्यांनी आखल्या, तरी आफ्रिकी देशांनी त्या बळाने बदलायच्या नाहीत असे ठरवले. आणि त्याच भाषणात त्यांनी बलाढ्य राष्ट्रांनी कायद्याकडे केलेल्या दुर्लक्षावरही बोट ठेवले. दोन्ही गोष्टी एका दमात म्हणता येतात.

स्वतःला तपासण्यासाठी निवेदनातील देशांची नावे झाकून ते वाचावे. 'अ देशाने शेजारच्या ब देशातील आपल्या भाषकांच्या रक्षणासाठी सैन्य पाठवले' किंवा 'क देशाने ड देशाची अणुभट्टी उडवली' असे लिहून मत ठरवावे आणि मग नावे उघडावीत. मत बदलले, तर ते कायद्यावर आधारलेले नव्हते.

राष्ट्रे नियम मोडतात म्हणून नियमच नाही, या आक्षेपाला १९८६च्या त्याच निकालात उत्तर आहे. एखादे राष्ट्र आपले कृत्य नियमातील अपवादाच्या आधारे समर्थित करते तेव्हा ते नियम दुबळा करत नाही, उलट मान्य करते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणूनच त्यांना त्यांच्या शब्दांत पकडता येते, आणि म्हणूनच ते शब्द टिपून ठेवण्याचे मोल आहे.

टिपण साधे ठेवावे : तारीख, दावा करणारा, सांगितलेले कलम किंवा ठराव, मतदान, आणि त्याच देशाने आधीच्या युद्धात त्याच कलमाबद्दल काय म्हटले होते ते. ते वर्षानुवर्षे उघडे ठेवावे लागते. निकाराग्वाला भरपाई देण्याचा निकाल अमेरिकेने मानला नाही, परिषदेतील ठराव नकाराधिकाराने अडवला आणि १९९१मध्ये निकाराग्वाने प्रकरण मागे घेतले. काँगोने आपल्या भूमीवरील सशस्त्र कारवायांबद्दल युगांडाविरुद्ध १९९९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेल्या खटल्यात २००५मध्ये युगांडाची जबाबदारी ठरली, ९ फेब्रुवारी २०२२ रोजी साडेबत्तीस कोटी डॉलरची भरपाई ठरली आणि ती साडेसहा कोटींच्या पाच वार्षिक हप्त्यांत द्यायची होती. पहिला हप्ता त्याच वर्षी भरला गेला.